घरच्या वर्कशॉपसाठी छोटं मिलिंग मशीन: निवडताना काय पाहायचं

ड्रिलिंग मशीन आहे, हँड ग्राइंडर आहे, काहींकडे छोटं लेथही आहे. तरी कधीतरी असा जॉब समोर येतो की त्याला दोन बाजू अगदी काटकोनात हव्या असतात, किंवा एखादा स्लॉट मापात हवा असतो. कानशीने ते जमतं, पण सगळा शनिवार-रविवार त्यातच जातो. फिरत्या कटरखाली जॉब सरकवून धातू कापणारं मिलिंग मशीन घरी आणण्याचा विचार बहुतेकांच्या मनात इथूनच सुरू होतो.

सुरुवातीलाच एक धोक्याची सूचना. मिलिंग मशीन येईपर्यंत ड्रिलिंग मशीनच्याच चकमध्ये एंड मिल (मिलिंगचा उभा कटर) पकडून काम भागवू नका. ड्रिल चक टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) नुसता घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्यावर जोर खालून वर यावा एवढीच त्याची अपेक्षा असते. एंड मिल बाजूने कापते. बाजूचा जोर आणि थरथर एकत्र आली की टेपर सुटतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. मिलिंग मशीनमध्ये टूल वरून ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) ओढून धरलेलं असतं. दोन मशीनमधला हा सगळ्यात मोठा फरक आहे आणि हाताची बोटं त्याच्यावर अवलंबून आहेत.

दुसरी गोष्ट कायद्याची. छोट्या मिलिंग मशीनबद्दल इंटरनेटवर मिळणारा बराच सल्ला अमेरिकेतल्या हौशी बंदूक कारागिरांचा असतो. मशीनच्या पारखीबद्दल त्यांचं म्हणणं आपल्याला उपयोगी पडतं, पण ते काम इथे करायचं नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणंही गुन्हा आहे. आपल्या घरगुती वर्कशॉपची कामं वेगळी आहेत: वाफेच्या इंजिनाची मॉडेल्स, दुर्बिणीचे माउंट, जुन्या घड्याळांचे आणि शिलाई मशीनचे भाग, सायकलचे ब्रॅकेट, घरच्या लेथचे सुटे भाग. पुढचं सगळं ही कामं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी जॉब कागदावर काढा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बजेटचा येतो. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, येत्या दोन-तीन वर्षांत तुम्ही करणार असलेला सगळ्यात मोठा जॉब कोणता? त्याची लांबी, रुंदी, उंची आणि धातू कागदावर लिहा.

समजा तुम्ही 6 इंची न्यूटोनियन दुर्बीण बनवताय. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या जुन्या संस्थांमुळे हा नाद आपल्याकडे चांगला रुजला आहे. आरसा हाताने घासून होतो, पण फोकसरची प्लेट आणि माउंटचे ब्लॉक मिलिंगचं काम आहे. अॅल्युमिनियमचा 150 मिमी लांबीचा ब्लॉक 50 मिमीच्या फेस मिलने (रुंद कटरने) सपाट करायचा, तर कटर एका टोकाच्या बाहेरून सुरू होऊन दुसऱ्या टोकाच्या बाहेर पडला पाहिजे. म्हणजे टेबलाला कमीत कमी 200 मिमी ट्रॅव्हल हवी. जॉबची लांबी अधिक कटरचा व्यास, एवढं साधं गणित आहे. जाहिरातीत टेबलाची लांबी ठळक छापलेली असते, तिच्याकडे पाहू नका. टेबल सरकतं किती, ते विचारा.

उभ्या मापात नवखे हमखास फसतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. मशीन वाइसचा (जॉब पकडायच्या शिकंजाचा) तळ ते जॉब बसतो ती जागा: 60 मिमी. त्यावर पॅरलल (जॉबखाली घालायची सपाट पट्टी) 20. जॉब 50. झाले 130. आता स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या दांड्यात) ड्रिल चक लावला तर तो 100 मिमी खाली येतो, आणि 10 मिमीचं नेहमीच्या लांबीचं ड्रिल त्यातून आणखी 90 मिमी बाहेर राहतं. एकूण 320. वर थोडी मोकळी जागा धरली तर स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंत 330 मिमी अंतर हवं, तेही जेमतेम 50 मिमी उंचीच्या जॉबला. मशीन त्यापेक्षा बुटकं असेल तर प्रत्येक भोकाला आखूड ड्रिल शोधत बसावं लागेल.

कॉलम गोल की चौकोनी

वरचंच गणित पुढे नेऊ. त्याच जॉबवर ड्रिलऐवजी कॉलेट चकमध्ये (कटरची दांडी सगळ्या बाजूंनी आवळणाऱ्या चकमध्ये) एंड मिल लावली, तर चक आणि कटर मिळून स्पिंडलखाली 95 मिमीच येतात. म्हणजे ड्रिल काढून एंड मिल लावताना हेड (स्पिंडल असलेला वरचा भाग) जवळपास 95 मिमी खाली आणावं लागतं, आणि पुढच्या भोकाला पुन्हा वर.

तैवानच्या राँग फू कंपनीचं आरएफ-30 आणि त्याच्या असंख्य नकला गोल कॉलमच्या आहेत. गोल खांबावर हेड वर-खाली करायला क्लॅम्प सैल केला की हेड बाजूलाही फिरतं. आधी काळजीपूर्वक लावलेलं सेंटर (जॉबवरची कटरची नेमकी जागा) गेलं, डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) पुन्हा लावा. अशा मशीनवर एकाच जॉबमध्ये चार-पाच टूल्स बदलायची म्हणजे निम्मा वेळ सेंटर शोधण्यात जातो. क्विलच्या (हँडलने खाली येणाऱ्या स्पिंडलच्या नळीच्या) प्रवासात भागवता येतं, पण क्विल जितकी बाहेर काढाल तितकी थरथर वाढते.

आरएफ-45 आणि त्या जातीच्या मशीनला डव्हटेलचा (तिरक्या कडांच्या खाचेत सरकणारा) चौकोनी कॉलम असतो. हेड सरळ रेषेत चढतं-उतरतं आणि सेंटर जागेवर राहतं. किंमत जास्त, वजन जास्त, पण नवीन मशीन घेणार असाल तर डव्हटेलच घ्या, यात माझ्या मनात शंका नाही. गोल कॉलमचं मशीन चांगल्या स्थितीत, स्वस्तात आणि जवळपास मिळत असेल, आणि तुमची कामं एका सेटिंगमध्ये होण्यासारखी असतील, तरच त्याचा विचार करा.

वजन, मजला आणि जिना

मिलिंगमध्ये वजन कामाला येतं. कटरचा एकेक दात जॉबवर आदळत असतो आणि ते हादरे मशीनच्या कास्टिंगनेच (ओतीव लोखंडानेच) पचवायचे असतात. हलकं मशीन ते पचवू शकत नाही. पृष्ठभागावर लाटा उमटतात, कटरच्या कडा तुटतात, कानाला किर्र आवाज येतो. त्यामुळे तुमच्या घरात उतरू शकेल असं सगळ्यात जड मशीन घ्या.

आकार तीन. चीनच्या सीग कंपनीचं एक्स-टू आणि त्याची भावंडं साधारण 60 किलोची. टेबलावर मावतात, दोघांना उचलता येतात. पितळ, अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक मजेत कापतात, माइल्ड स्टीलला अर्धा-अर्धा मिलिमीटर घेत जावं लागतं. यांच्या हेडमधले गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि कटर अडकला की ते जातात. ते बदलता येतात, आणि बरेच जण त्याऐवजी बेल्टचं किट बसवतात. मधला आकार आरएफ-45 चा, 300 किलोच्या आसपास. आणि मोठा आकार म्हणजे टरेट मिलिंग, हेड धरणारा वरचा हात फिरवता-सरकवता येतो ते मशीन. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टने 1938 मध्ये ज्या घडणीचं मशीन काढलं, ती घडण. आपल्या टूलरूममध्ये त्या जातीला सरसकट एमवनटीआर म्हणतात. ते टनाच्या घरात जातं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी इथे थांबून हिशोब करावा. भारतीय मानक आयएस 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 200 किलो भार धरलेला आहे. आरएफ-45 त्याच्या स्टँडसकट अर्ध्या चौरस मीटरवर उभं राहतं. वरच्या मजल्यावर असं मशीन न्यायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नेऊ नका. बाल्कनीत तर मुळीच नको, ती स्लॅब एका बाजूने अधांतरी असते. वरच्या मजल्यावर छोटं मशीन ठेवताना भिंतीच्या कोपऱ्याची, बीमजवळची जागा निवडा आणि खाली जाड रबरी मॅट घाला. खालच्यांची दुपारची झोपही त्यात येते. तळमजला, पार्किंगला लागून असलेली खोली किंवा गावाकडची पडवी असेल तर 300 किलोला घाबरायचं कारण नाही.

जिन्याने चढवायचंच असेल तर मशीन सुटं करून चढवा. हेड, कॉलम, टेबल-सॅडल आणि बेस असे चार भाग सहसा होतात. उतरवण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी घालून ठेवा. टेम्पोतून उतरवायला चेन ब्लॉक आणि सपाट जमिनीवर सरकवायला पाइपचे तुकडे पुरतात. पट्टा टेबलाच्या हँडलला किंवा लीड स्क्रूला (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला) कधीही अडकवू नका. स्क्रू वाकला की मशीनच्या अचूकतेचा प्रश्नच मिटला.

वीज

घरात सिंगल फेज 230 व्होल्ट. नवीन छोटी मशीनं त्याच्यावरच चालतात. जुन्या कारखान्यातलं मशीन घेतलं की थ्री फेज मोटर येते. त्यासाठी मोटर बदलायची गरज नसते. 2 एचपीपर्यंतच्या मोटरला सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी सहज मिळतो आणि वर स्पीड कमी-जास्त करायची सोय होते.

अट एकच: मोटरच्या पाटीवर 230/400 किंवा 240/415, डेल्टा/स्टार (वायंडिंग जोडायच्या दोन पद्धती) असं लिहिलेलं असलं पाहिजे. अशी मोटर कारखान्यात स्टारमध्ये जोडलेली असते. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून ती डेल्टात घेतली की व्हीएफडीच्या 230 व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. पाटीवर फक्त 415 डेल्टा असेल तर हा मार्ग बंद. पाटीचा फोटो काढून इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि मगच सौदा करा.

जुन्या मशीनवर पुढे-मागे फिरवायचा ड्रम स्विच मोटरच्या लाइनमध्येच असतो. व्हीएफडी बसवल्यावर तो तिथे ठेवायचा नाही. चालू मोटरची लाइन मध्येच तुटली तर व्हीएफडी जळू शकतो. तोच स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडून घ्या. अर्थिंग पक्कं हवं. मशीन लोखंडाचं आहे आणि तुमचे दोन्ही हात सतत त्याच्यावर असतात.

जुनं मशीन पाहायला जाताना

भोसरी, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, शिरोली, नाशिकचं सातपूर अशा भागांत कारखाना सीएनसीकडे (संगणकाने चालणाऱ्या मशीनकडे) वळला की जुनी हाती मशीनं बाहेर पडतात. एचएमटी, बीएफडब्ल्यू, प्रागा या नावांची जुनी कास्टिंग आजही उत्तम आहेत. पण नाव पाहून पैसे देऊ नका. सोबत मॅग्नेटिक बेस, 0.01 मिमीचा लीव्हर डायल, एक चांगला गुण्या, टॉर्च आणि स्वच्छ फडकं घेऊन जा.

प्रथम नुसतं पाहा. टेबलावर ड्रिलने पडलेली भोकं आणि टी-स्लॉटच्या (क्लॅम्पचे बोल्ट बसतात त्या खाचांच्या) तुटलेल्या कडा मशीन कोणाच्या हातात होतं ते सांगतात. मग टेबल एका बाजूला पूर्ण सरकवून खालचा स्लाइड पुसा आणि टॉर्च आडवी धरा. चांगल्या मशीनच्या स्लाइडवर स्क्रॅपिंगचे चंद्रकोरीसारखे ठसे दिसतात. टोकांना ठसे आहेत आणि मधे आरसा झालाय, तर मधला भाग झिजला. बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर होत असतं, त्यामुळे झीज तिथेच असते.

हीच झीज हाताने पकडता येते. टेबल मध्यावर आणून जिब (स्लाइडचा ढिलेपणा घालवणारी पट्टी) अशी कसा की हँडल जरा जड फिरेल. आता टेबल टोकाकडे न्या. टोकाला हँडल फिरेनासं झालं, तर मधे किती खाल्लं गेलंय ते कळलं. अशा मशीनला मध्यावर जिब बरोबर लावली तर टोकं अडकतात आणि टोकांना लावली तर मध्यावर टेबल डुलतं. स्लाइड पुन्हा ग्राइंड आणि स्क्रॅप करून घेण्याचा खर्च मशीनच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा सरळ परत फिरा.

प्ले (स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा) तपासायला डायल टेबलाच्या टोकाला टेकवा, हँडल एका दिशेला फिरवून डायल झिरो करा आणि उलट फिरवायला लागा. डायलचा काटा हलेपर्यंत हँडलवर किती रेघा गेल्या ते मोजा. 0.10 ते 0.25 मिमी प्ले जुन्या मशीनला चालतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला तर नट बदलावा लागणार, तेवढे पैसे भावात कमी करून मागा. हँडलवरच्या रेघा मिलिमीटरच्या आहेत की इंचाच्या, तेही तिथेच पाहून घ्या.

स्पिंडलला जास्त वेळ द्या. टेपर आतून फडक्याने पुसा, बोटाने खडबडीतपणा लागतोय का पाहा, मग डायलची लीव्हर टेपरच्या आतल्या भिंतीला टेकवून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. 0.01 च्या आत काटा हलला तर उत्तम, 0.02 पर्यंत हौशी कामाला पुरेसं. त्यानंतर डायल स्पिंडलच्या तोंडाला खालून टेकवा आणि स्पिंडल लाकडाच्या दांडक्याने हलकेच वर उचला. काटा हलला आणि स्पिंडल दांडका सोडल्यावर टक् करून खाली आला, तर बेअरिंगमध्ये प्ले आहे. शेवटी मशीन मोठ्या स्पीडवर वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा. विकणारा तेवढी वीज द्यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा. वीस मिनिटांनी हेड कोमट लागलं पाहिजे. हात ठेवता येत नाही इतकं तापलं तर बेअरिंग गेलेलं आहे किंवा चुकीचं कसलेलं आहे.

नवीन छोट्या मशीनलाही यातल्या बहुतेक तपासण्या लागू पडतात. गोडाऊनमधून आलेलं नवं मशीन बरोबर जुळवलेलं असेलच, असं धरून चालू नका.

टेपर आणि टूल्स

स्पिंडलच्या टेपरला फार डोकं लावू नका. आर-8, एमटी-3, जुन्या मोठ्या मशीनला आयएसओ-40, हे तिन्ही चालतात. एमटी-3 घट्ट बसतो आणि काढताना ड्रॉबारवर हलकी टपली मारावी लागते, तर आर-8 सहज सुटतो. आपल्या बाजारात तुमच्या टेपरचे आर्बर (कटर धरायचे दांडे) मिळतात ना, एवढं आधी पाहा.

पैसे मात्र टूल्ससाठी राखून ठेवा. हातात एक लाख असतील तर साठ-पासष्ट हजारांचं मशीन बघा. उरलेल्यात पहिल्यांदा येतो वाइस. ड्रिलिंगचा स्वस्त वाइस आणू नका, त्याचा हलता जबडा आवळताना वर उचलला जातो आणि जॉब वाकडा कापला जातो. ग्राइंड केलेला 100 मिमीचा मिलिंग वाइस घ्या. मग ईआर-32 चा कॉलेट चक आणि तुमच्या कटरच्या शँकांच्या (पकडायच्या दांड्यांच्या) मापाची चार-पाच कॉलेट, पूर्ण संचाची घाई नको. एंड मिल 6, 10 आणि 12 मिमी, एचएसएस (हाय स्पीड स्टील). कार्बाइड कापतं झकास, पण हलक्या मशीनच्या थरथरीत त्याची धार टवकते. त्याशिवाय क्लॅम्पिंग किट, पॅरललची जोडी, डायल आणि बेस. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी एका फेरीत हे सगळं पुरवतात. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारं उपकरण) चांगला, पण तो नंतरही बसवता येतो. सीएनसीचा विचार हाताने वर्षभर कापल्यानंतर करा. कटर कधी कुरकुरतोय हे हाताला कळायला लागलं की प्रोग्रॅमही नीट लिहिता येतो.

मशीन लागल्यावर

चार पायांखाली शिम (पातळ पत्रे) घालून टेबल लेव्हल करा, मग हेड झिरो करा. डायल स्पिंडलला धरून टेबलावर साधारण 200 मिमी व्यासाचा फेरा मारा. डावं-उजवं आणि पुढं-मागं फरक 0.02 मिमीच्या आत आणा. मग वाइसचा स्थिर जबडा डायलने सरळ लावा.

स्पीडचं सूत्र आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं: कटिंग स्पीड गुणिले 1000, भागिले कटरचा व्यास गुणिले 3.14. माइल्ड स्टीलला एचएसएस कटरने मिनिटाला 25 मीटर धरले तर 10 मिमीच्या कटरला साधारण 800 आरपीएम येतात. अॅल्युमिनियमला 75 मीटर धरले तर 2400. फीड कटर फिरतो त्याच्या विरुद्ध द्या, म्हणजे अप मिलिंग. हाती मशीनच्या स्क्रूमध्ये प्ले असतोच, आणि डाउन मिलिंग केलं तर कटर टेबलाला तेवढा प्ले एकदम ओढून घेतो. जॉब उडतो किंवा कटर तुटतो.

गॉगल नेहमी. हातमोजे कधीही नाही, फिरता कटर मोज्यासकट हात ओढतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बुरादा ब्रशने झाडा. आपण घरात अनवाणी वावरतो, म्हणून वर्कशॉपच्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या वर्कशॉपच्या उंबऱ्याच्या आतच काढा. लोखंडाची बारीक चिप लहान मुलाच्या तळपायात शिरली तर डोळ्यांना दिसतही नाही. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवरून फिरवा. पिशवी उलटी करून चुंबक काढला की सगळा बुरादा आत राहतो. अॅल्युमिनियम आणि पितळेला मात्र झाडूच लागतो.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या लोखंडावर रात्रीतून तांबूस थर चढतो. काम संपलं की टेबल आणि स्लाइड पुसून 68 नंबरच्या स्लाइडवे ऑइलचा हात फिरवा. मशीनवर प्लॅस्टिकचा कागद टाकू नका, खाली दमटपणा कोंडतो. जुन्या सुती चादरीला थोडं तेल लावून तीच पांघरा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, काम नसलं तरी, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या.